दार उघडलं, मग वेगळं कॉलेज कशाला?

काळ्या लोकांसाठी निघालेली कॉलेजं अमेरिकेत अजून का चालू आहेत, असा प्रश्न मंडळाच्या मागच्या बैठकीत निघाला. विषय होता कृष्णवर्णीय लेखकांचा, पण चर्चा कॉलेजांवर गेली आणि तिथेच अडकली. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. पूर्वी गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नव्हता म्हणून वेगळी कॉलेजं काढली, आता प्रवेश आहे, म्हणजे गरज संपली. कुणीतरी पुढे जाऊन असंही म्हटलं की आपल्याकडेही तेच आहे. बाबासाहेबांनी काढलेली कॉलेजं, मागासवर्गीयांची वसतिगृहं, या सगळ्यांचं काम आता झालं. वेळ संपली, चहा झाला, सगळे घरी गेले. माझं बोलायचं राहून गेलं. ते इथे मांडते.

माझं मत आधीच सांगून टाकते. दार उघडणं आणि आत हक्काची जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कायद्याने एका दिवसात होऊ शकते. दुसरीला पिढ्या लागतात. ही दुसरी गोष्ट घडवायचं काम ज्या संस्था करतात, त्यांना "दार उघडलं ना, आता तुम्ही आवरा" असं म्हणणं घाईचं आहे. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. इतिहास तसा आहे.

आधी अमेरिकेचं बघू, कारण प्रश्न तिथून निघाला. तिथे गुलामगिरी संपली १८६५ साली. त्याच्या आगेमागे काळ्या मुलांसाठी कॉलेजं निघाली. पेनसिल्व्हेनियातलं चेनी १८३७ चं, लिंकन १८५४ चं, वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड आणि अटलांटातलं मोरहाउस ही दोन्ही १८६७ ची. यांतली बरीच चर्चच्या संस्थांनी उभी केली. एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: यांतल्या बऱ्याच कॉलेजांनी गोऱ्यांना दार बंद केलेलं नव्हतं. हॉवर्डच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत संस्थापकांच्या घरच्या गोऱ्या मुली होत्या. दार बंद होतं ते दुसऱ्या बाजूचं.

१९५४ साली ब्राउन खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रंगावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. हा खटला लढवणारा वकील थर्गुड मार्शल. तो शिकला कुठे? बी.ए. लिंकनमध्ये आणि कायदा हॉवर्डमध्ये. म्हणजे विभक्त शिक्षणाची भिंत ज्याने पाडली, त्याला घडवलं होतं त्या भिंतीच्या अलीकडच्या कॉलेजांनीच. पुढे १९६७ साली तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउसचे.

कायद्याने दारं उघडल्यावर काय झालं, तेही बघा. शाळा एकत्र करताना दक्षिणेत बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि मुलं गोऱ्यांच्या शाळांत पाठवली गेली. मुलांना प्रवेश मिळाला, पण हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मूल नव्या शाळेत गेलं, तिथे इमारत चांगली होती, पण फळ्यापाशी उभा असलेला माणूस त्याला ओळखत नव्हता आणि ओळखून घ्यायची त्याला गरजही वाटत नव्हती. समान शिक्षणाचा हिशेब करताना हा खर्च कुणी धरलाच नाही.

कॉलेजं मात्र बरीचशी टिकली. आज अशी शंभराच्या आसपास आहेत आणि त्यांत इतर वर्णाची मुलंही शिकतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेटमध्ये तर बहुसंख्य मुलं गोरी आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय डॉक्टर, न्यायाधीश, इंजिनिअर यांच्यात या कॉलेजांचा वाटा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. मोठ्या विद्यापीठांची दारं उघडी असताना हे होतं, हे महत्त्वाचं.

आता आपल्याकडे येऊ.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सरकारने तत्त्व मुलाच्या बाजूचं आहे हे मान्य केलं, पण एका मुलासाठी बाकी सगळी मुलं शाळा सोडतील या भीतीने प्रवेश नाकारला. आपल्याकडचं बंद दार असं होतं. नियम बोलत नव्हता, गाव बोलत होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या त्या याच काळात. स्वतः जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे झालं. ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपण मुलांनी हा धागा लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण दार उघडल्यावर वेगळ्या संस्थेचं काय करायचं, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला कोल्हापुरात दिसतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम अशी बोर्डिंगं झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. मग १९१९ साली महाराजांनी हुकूम काढला की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्या मुलांना बाकीच्यांबरोबर त्याच शाळांत बसवा. अमेरिकेच्या ब्राउन निकालाच्या पस्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्यापैकी किती जणांना माहीत होती?

यातला बारकावा बघा. महाराजांनी शाळा बंद केल्या, बोर्डिंग बंद केलं नाही. वेगळी शाळा म्हणजे वेगळं बसवणं, ते गेलंच पाहिजे. बोर्डिंग म्हणजे पाठीशी उभं राहणं, ते राहिलंच पाहिजे. खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेच्या वर्गात हक्काने बसता आलं, तरी रात्री झोपायचं कुठे, जेवायचं कुठे, अभ्यासाला दिवा कुणाचा? शहरात खोली कोण देणार? प्रवेशाच्या हुकुमाने हे सुटत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या राजाला १९१९ मध्ये कळलं होतं आणि आपण अजून त्यांची गल्लत करतो.

बाबासाहेबांना तर ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. एल्फिन्स्टनमधून बी.ए., कोलंबियात एम.ए., आणि १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दार उघडलं होतं की! पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घ्यायला सहकाऱ्यांची हरकत होती. परदेशी पदवी, सरकारी नोकरी, विद्यार्थ्यांत नाव, सगळं असून माठ बंद.

मिलच्या वस्तीत वाढलेल्यांना याचंच दुसरं उदाहरण लगेच पटेल. मुंबईच्या गिरण्यांचा गेट दलित कामगारांना उघडा होता. पण विणकाम खात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त, तिथे त्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि त्यांच्या तोंडाचा धोटा बाकीचे कसे वापरणार! १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. गेट उघडा, खातं बंद. कॉलेजांचं गणित यापेक्षा फार वेगळं नाही.

म्हणून बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना जमावं म्हणून तिथे सकाळी लवकर वर्ग भरायचे. मुलगा कॉलेज करून ऑफिसला जाऊ शकायचा. वेळापत्रक कुणाच्या सोयीने लावायचं हासुद्धा न्यायाचाच प्रश्न आहे, हे त्या कॉलेजने दाखवून दिलं.

आणि मग औरंगाबाद. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे, म्हणून तारखा नीट बघा. २६ जानेवारी १९५० ला भारताची राज्यघटना अमलात आली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली. कलम १५ ने भेदभावाला बंदी आली. कलम २९ मध्ये सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थेत जातीवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असं आलं. म्हणजे कागदावर देशातलं प्रत्येक दार उघडलं. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. आणि त्याच वर्षी, १९५० च्या जूनमध्ये, त्याच बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

दार उघडल्यावर वेगळ्या संस्थेची गरज संपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन तारखांचा मेळ कसा घालायचा ते सांगावं. दाराचं कुलूप काढणाऱ्या माणसानेच त्याच वर्षी नवं घर बांधायला घेतलं. त्याला कलमांवर विश्वास नव्हता असं नाही. कलम आपल्या आपण कुणाला वर्गात नेऊन बसवत नाही, हे त्याला माहीत होतं.

आणि हे कॉलेज फक्त दलितांसाठी नव्हतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजवटीतून तो भाग १९४८ च्या सप्टेंबरमध्ये मोकळा झालेला. मराठवाडा विद्यापीठ यायला अजून आठ वर्षं होती, ते आलं १९५८ मध्ये. पदवीचं शिक्षण मिळायचं तर पोरांना दूर जावं लागायचं. म्हणून मिलिंदमध्ये पहिल्यापासून सगळ्या जातिधर्मांची मुलं आली, शिकवणारेही वेगवेगळ्या समाजांतले होते. दलितांनी उभ्या केलेल्या संस्थेत सवर्णांची मुलं शिकायला आली, हा बदल मला फार मोठा वाटतो. इतके दिवस दलित मुलगा दुसऱ्याच्या दारात उभा राहून आत घ्या म्हणत होता. इथे घर त्याचं होतं आणि त्याने सगळ्यांना या म्हटलं.

नावसुद्धा बघा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, जो नागसेन भिक्खूला प्रश्न विचारत गेला. परिसराला नाव मिळालं नागसेनवन, आणि कॉलेजला नाव मिळालं प्रश्न विचारणाऱ्याचं. विद्यार्थ्याचं काम काय, हे नावातच सांगून टाकलं.

आता साहित्य मंडळ म्हणून आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. या कॉलेजांनी पदवीधर तर घडवलेच, पण मराठी साहित्य बदललं. सिद्धार्थ कॉलेजच्या वर्तुळातून सिद्धार्थ साहित्य संघ निघाला. त्या हालचालीतून पुढे १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. तिथे अण्णा भाऊ साठे बोलले. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि मुलांनी ते केलं. नंतरचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. काळ्या लेखकांनी आपल्या अनुभवाची भाषा कशी घडवली ते त्यांनी इथल्या तरुणांपुढे ठेवलं. तिथेच मराठी शिकवणारे गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श' या नियतकालिकाचे संपादक झाले. साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या त्या अंकांनी कितीतरी नव्या लेखकांना पहिल्यांदा छापलं.

विचार करा, हे दुसऱ्या एखाद्या नामवंत कॉलेजात का झालं नाही? तिथेही दलित मुलं होती, तिथेही वाङ्मय मंडळं होती, भित्तिपत्रकं होती. पण तिथे वस्तीतली भाषा लिहिली तर लाल शाईने 'अशुद्ध' असा शेरा पडायचा. तो शेरा मारणारा माणूस दुष्ट असेलच असं नाही. त्याने ती भाषा कधी साहित्यात पाहिलीच नव्हती. जिथे प्राध्यापकाला, संपादकाला आणि समोर बसलेल्या वाचकाला ती भाषा घरची वाटते, तिथेच पहिली ओळ न घाबरता लिहिली जाते. मग ती जगात कुठेही जाऊ शकते. आपण आज अभ्यासक्रमात दलित आत्मकथनं वाचतो, त्यामागे अशा जागा उभ्या आहेत.

आणखी एक नाव. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. त्यांनी बी.ए. केलं ते मिलिंद कॉलेजातून. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं, हे तपासायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष तेच होते. २००७ मध्ये अहवाल आला. देशातलं सगळ्यात मोठं मेडिकल कॉलेज, प्रवेश कायद्याने राखीव, आणि आत काय सापडलं? होस्टेलमध्ये ही मुलं त्रास चुकवायला एकत्र एका बाजूला राहायला गेलेली, मेसमध्ये आणि खेळात वेगळी पडलेली, काही शिक्षकांच्या वागण्यात दुजाभाव. दार उघडून पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. थर्गुड मार्शलची आठवण येते ती इथे. मोठ्या दारामागे काय चाललंय हे शोधून लिहिणारा माणूस, त्या दाराबाहेरच्या कॉलेजात शिकलेला होता.

हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. पायल जळगावकडची, आपल्या खानदेशातली. दोघांनाही प्रवेश मिळालेला होता. यापुढे मी जास्त लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवून माझं म्हणणं पक्कं होणार नाही.

पहिला आक्षेप असा की अशा संस्थांमुळे समाज कायम वेगवेगळ्या डब्यांत बसून राहील. यात तथ्य आहे. शाहू महाराजांच्या जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही ही टीका झाली होती. यावर मला अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचं म्हणणं पटतं. हे तेच डुबॉइस, ज्यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्रव्यवहार केला होता. त्यांनी स्वतः काळ्यांच्या फिस्कमध्ये आणि नंतर हार्वर्डमध्ये शिक्षण घेतलं, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेले. १९३५ च्या एका लेखात त्यांनी सांगितलं, त्याचा मतितार्थ असा: काळ्या मुलाला वेगळी शाळाही नको आणि मिश्र शाळाही नको, त्याला शिक्षण हवं. मिश्र शाळेत जर त्याचा अपमान होणार असेल तर ती मिश्र शाळा काय कामाची, आणि वेगळी शाळा जर निकृष्ट असेल तर तीही काय कामाची? म्हणजे प्रश्न पाटीचा नाहीच. वर्गात काय चालतं, त्याचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. दारं उघडल्यावर हुशार आणि ऐपतीची मुलं मोठ्या कॉलेजात जातात, मग या संस्थांत उरतात ती ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही ती. संस्था कमकुवत होते, आणि मग लोक म्हणतात, बघा, ही आता कुणाला नको आहेत. हे अमेरिकेतही झालं, आपल्याकडेही झालं. पण त्यामागे फक्त मुलांची आवड नसते. मेरीलँड राज्यात काळ्यांच्या चार कॉलेजांच्या बाजूने २००६ साली खटला झाला. सरकार त्यांचेच कोर्स शेजारच्या विद्यापीठांत सुरू करून त्यांचे विद्यार्थी पळवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, सरकारने ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आधी उपाशी ठेवायचं आणि मग अशक्त म्हणून नावं ठेवायची, अशातला हा प्रकार.

आपल्याकडे दोष फक्त सरकारचा आहे असंही मी म्हणणार नाही. बाबासाहेबांच्या नंतर त्यांच्या संस्थेच्या कारभारावरून वर्षानुवर्षं वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढाऱ्यांच्या भांडणाची किंमत मुलांनी मोजली. जयंतीला नागसेनवनात गर्दी करायची आणि एरवी लायब्ररीत नवी पुस्तकं आहेत का हे बघायचंही नाही, हा आपला दोष. संस्था ऐतिहासिक आहे म्हणून ती चांगली आहे, हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. तिने आज काम केलं पाहिजे, आणि त्या कामाचा हिशेब आपण मागितला पाहिजे.

हे सगळं इंदूरमध्ये बसून मी का लिहिते आहे? कारण हा प्रश्न आपल्या गल्लीतला आहे. बाबासाहेबांचा जन्म झाला ते महू इथून पंचवीसएक किलोमीटरवर. परदेशीपुऱ्यात मी राहते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, पाटणीपुरा हा सगळा आमचा आसपास. माझे आजोबा खानदेशातून मिलमध्ये कामाला आले, तसे कितीतरी मराठी लोक आले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरमध्ये बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. त्या बत्तीस वर्षांत ज्या घरांतली पोरं शिकू शकली असती, त्यांतली कितीतरी दुकानावर, हम्मालीला, रिक्षावर गेली. या घरांतून आज जे कॉलेजात येतात ते बहुतेक घरातले पहिलेच.

त्यांच्यासाठीही दार उघडं आहे. पण जातीचा दाखला काढायला गेलं की १९५० च्या आधीपासून मध्य प्रदेशात राहत असल्याचा पुरावा मागतात. भाड्याच्या चाळीत राहिलेल्या मिल कामगाराच्या नातवाने तो कुठून आणायचा? महाराष्ट्रात जा म्हणावं तर तिथे आता कुणी ओळखत नाही. घरी भाषा मराठी, बाहेर हिंदी, पुस्तक इंग्रजी. वर्गात पहिल्या दिवशी नाव-आडनाव विचारलं की मागच्या बाकावर सरकायची सवय. हे कुठल्याही प्रवेशाच्या आकड्यात दिसत नाही.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, पण वर्गात बघा, बहुसंख्य मुलं हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, जैन आहेत. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा हक्क दिला, आणि त्या हक्कावर उभ्या राहिलेल्या संस्थेत आपण सगळे शिकतो. सगळ्यांना प्रवेश आहे म्हणून आता ख्रिस्ती कॉलेज कशाला, असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. तोच न्याय मिलिंदला का लावू नये? एखाद्या समाजाने आपल्या दुःखातून संस्था उभी केली आणि मग ती सगळ्यांसाठी खुली ठेवली, यात कमीपणा कसला? मला तर यात देशाची शोभा वाटते.

म्हणून यापुढे असा प्रश्न निघाला तर तो जरा वेगळा करून विचारू. दार उघडलं का, एवढ्यावर थांबायचं नाही. शिकवणारे कोण आहेत? होस्टेलमध्ये कोण कुणाबरोबर राहतं? पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकतात? कुणाची भाषा अंकात छापली जाते? ही उत्तरं जिथे सगळ्यांसाठी सारखी येतील, तिथे वेगळ्या संस्थेची गरज आपोआप कमी होईल, कुणी सांगायला नको. तोपर्यंत मिलिंद, सिद्धार्थ, हॉवर्ड ही कॉलेजं चांगली चालली पाहिजेत, आणि बाकीच्या कॉलेजांनी त्यांच्याकडून शिकलं पाहिजे.

बोलून झालं, आता करायचं काय? मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. 'अस्मितादर्श'चे जितके जुने अंक मिळतील तितके मिळवून आपल्या लायब्ररीत ठेवू आणि पुढच्या सत्रात एक बैठक त्यांच्यावर घेऊ. दुसरं, परदेशीपुरा, नेहरू नगर, मालवा मिल या भागांतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दाखल्याच्या आणि शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांना मदत करणारा एक तास शनिवारी ठेवू. हे साहित्याचं काम नाही असं कुणी म्हणेल. सकाळचे वर्ग लावणाऱ्या सिद्धार्थ कॉलेजला ते तसं वाटलं नव्हतं. आणि तिसरं, या ई-अंकात मिल वस्तीतल्या मराठीत लिहिलेलं काही आलं, तर त्यातली हिंदी सरमिसळ आणि 'अशुद्ध' रूपं कापायच्या आधी संपादकांनी लिहिणाऱ्याला विचारावं. शनिवारच्या तासासाठी माझं नाव आत्ताच लिहून घ्या. आणखी चार जण हवेत.